दहा माणसांच्या वाड्यात बंब ठेवावा की गिझर घ्यावा?

थंडी पडली की गेवराई-माजलगावकडच्या जुन्या वाड्यांत हा वाद निघतोच. हिशेब साधा आहे. माणशी २० लिटर धरले तर दहा जणांना २०० लिटर पाणी लागते. ते २५ अंशांनी तापवायला सुमारे ६ युनिट वीज जाते, तीही रोज. शिवाय ऐन सकाळी वीज गेली की सगळेच खोळंबले. कापूसवाल्या घरी बंबाला पऱ्हाट्या चालतात, त्यामुळे तांब्याचा जुना बंब मोडीत घालण्याची घाई नको.

पण पऱ्हाट्या फुकट, हे अर्धेच खरे. त्यांच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडते आणि गंज रचून ठेवली तर पुढच्या हंगामात तीच कापसावर येते. त्यापेक्षा वाळलेली बाभूळ बरी. सावकाश जळते, सारखे सरपण सारत बसावे लागत नाही. ओले लाकूड नकोच. त्याची बरीच उष्णता आतले पाणी उडवण्यातच जाते आणि घरभर धूर होतो.

बंब मात्र अंगणातच हवा. बंद न्हाणीघरात पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. ज्या घरात बंब बाहेर ठेवायला जागाच नाही, तिथे गिझरच घ्यावा.