परिचारिकेची इंग्रजी

बऱ्हाणपुरातील शनवारा भागात घटकाभर उभे राहिले, तर हिंदी, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात. तापीकाठच्या या जुन्या शहरात रावेरकडचा शेतकरी येतो, तसा सातपुड्यातील कोरकू माणूसही येतो. आजारी माणूस आपले दुखणे आपल्याच बोलीत सांगतो. दवाखान्याच्या कागदावर त्याची नोंद मात्र बहुधा इंग्रजीत होते. या दोहोंच्या मध्ये उभी असते ती परिचारिका.

आपल्या खेड्यापाड्यांतील मुली हे शिक्षण घेऊ लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु मराठी वा हिंदी शाळेतून आलेल्या मुलीपुढे शरीररचनेचे इंग्रजी पुस्तक येते, तेव्हा तिचा धीर खचतो. मग ती धडे पाठ करते. पाठांतराने परीक्षा निभावते, रुग्णसेवा निभावत नाही. ‘हायपरटेन्शन’ म्हणजे रक्तदाब वाढणे आणि ‘हायपोटेन्शन’ म्हणजे तो उतरणे. उच्चारात फरक थोडा, उपचार मात्र उलट. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ घाईत सारखेच ऐकू येतात. एका मिलिग्रॅमचे १,००० मायक्रोग्रॅम होतात. तेथे एक शब्द चुकला तर औषधाचे विष व्हावयास वेळ लागत नाही. येथे इंग्रजी ही ऐट नव्हे, रुग्णाच्या जिवाची राखण होय.

बी.एस्सी. नर्सिंगच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात संभाषणाची इंग्रजी ठेवली आहे, हे योग्यच झाले. परदेशी नोकरीसाठी पुष्कळ परिचारिका ‘ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट’ ही परीक्षा देतात. तिच्या लेखनभागात ४५ मिनिटांत बहुधा रुग्णाविषयी एक पत्र लिहावयाचे असते: त्यास काय झाले, काय केले, पुढे काय करावे. अलंकारिक भाषेची तेथे गरज नाही, स्पष्टपणाची आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ही इंग्रजी रुग्णाच्या शब्दांपासून शिकवावी. ठणका म्हणजे ‘थ्रॉबिंग’, जळजळ म्हणजे ‘बर्निंग’, हाताला मुंग्या येणे म्हणजे ‘टिंगलिंग’. शब्दाला शब्द ठेवून मुंग्यांचे भाषांतर केले, तर परदेशी डॉक्टर अंथरुणात मुंग्या शोधू लागेल! आपली बोली जिला नीट कळते, तिलाच इंग्रजीत नेमकी नोंद करता येते.

आणि सर्वांत आधी शिकवावयाचे वाक्य कोणते? ‘कृपया पुन्हा सांगा.’ तोंडी मिळालेली सूचना लिहून घ्यावी, वाचून दाखवावी, आणि मगच औषध द्यावे. व्याकरणाची चूक खपते. न समजता मान डोलावणे खपत नाही.

मायबापहो, मुलगी सुटीत घरी आली, म्हणजे आजीचे दुखणे तिला प्रथम मराठीत व मग चार सोप्या इंग्रजी वाक्यांत सांगावयास लावा. ती अडखळली तर हसू नका. आज घरात हशाला भ्यालेली मुलगी उद्या डॉक्टरांस पुन्हा विचारावयास भिईल, आणि त्या भीतीचे मोल खाटेवरील रुग्णाला द्यावे लागेल.