कॉलरवरचा एअर सॅम्पलर: ‘आढळलं नाही’ म्हणजे हवा स्वच्छ?

समजा, पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावातून एक जण रोज बाईकने महाड एमआयडीसीत कामाला जातो. तिथल्या रासायनिक कारखान्यांचा वास त्याच्या सवयीचा झालाय. हा वास म्हणजे नक्की काय, हे फोनवरचा एक्यूआय सांगेल का? नाही. आपला एक्यूआय आठ प्रदूषकांवर ठरतो: पीएम10, पीएम2.5, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. बेंझिन, टोल्युइन अशी सहज वाफ होणारी कार्बनी रसायनं, म्हणजे व्हीओसी, त्यात येतच नाहीत. बेंझिनमुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. 2009 च्या राष्ट्रीय मानकांत त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे.

बॅज चालतो कसा?

पर्सनल सॅम्पलरचा सोपा प्रकार म्हणजे कॉलरला लावायचा बॅज. पंप नाही, बॅटरी नाही. आतला कोळसा हवेतली रसायनं हळूहळू धरून ठेवतो. नंतर बॅज सीलबंद करून लॅबला पाठवायचा. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफ प्रत्येक रसायन वेगळं करून मोजतो.

गोम कुठे आहे?

हे बॅज मुळात कारखान्यातल्या शिफ्टसाठी बनलेत. बाहेरच्या हवेत प्रमाण खूप कमी असतं. गणित बघा. बॅज मिनिटाला 30 मिली हवेइतकं रसायन टिपतो असं धरू. आठ तासांत झाली 14.4 लिटर हवा. बेंझिन अगदी मर्यादेइतकं असलं, तरी बॅजवर जमा होईल फक्त 0.07 मायक्रोग्रॅम. लॅबला 1 मायक्रोग्रॅमच्या खालचं दिसत नसेल, तर रिपोर्ट येणार: ‘आढळलं नाही’. तोच बॅज 14 दिवस ठेवला, तर 3 मायक्रोग्रॅम जमतील आणि आकडा हाती येईल. अमेरिकेत 2015 च्या नियमानुसार तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या कुंपणावर दोन-दोन आठवडे नळ्या लावतात, त्या याचसाठी.

दुसरी गोष्ट: अंगावरचा बॅज माणसाबरोबर फिरतो. कारखाना, हायवे, पेट्रोल पंप, घर, सगळं एकाच आकड्यात मिसळतं. त्यावरून कापड्याच्या हवेबद्दल बोलता येणार नाही. त्यासाठी दुसरा बॅज गावातच, उघड्यावर पण पावसापासून आडोशाला टांगायला हवा. तिसरा न उघडताच लॅबला द्यायचा, म्हणजे प्रवासात काही मिसळलं का ते कळतं.

म्हणून मोजणीआधीच लॅबला विचारा: तुमची किमान मोजमर्यादा किती, आणि त्यासाठी बॅज किती दिवस ठेवू? नाहीतर पैसे तुमचे जातील आणि ‘आढळलं नाही’चा कागद उद्या तुमच्याच तक्रारीविरुद्ध दाखवला जाईल.