तहसीलदाराचा बटरफ्लाय

हबीबगंज स्टेशनचं नाव २०२१ मध्ये राणी कमलापती झालं, पण भोपाळला आमच्या घरी अजूनही ‘हबीबगंजला उतर’ असंच सांगतात. उतरलं की मला पहिली आठवण होते ती प्रकाश तरण पुष्करची. तिथे मी पोहायला शिकले. बटरफ्लाय मात्र शेवटपर्यंत जमला नाही. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर, पाय जोडलेले आणि कंबरेतून उठणारी लाट. अर्ध्या तलावातच माझा जीव जायचा! म्हणूनच वीरधवल खाडेचं मला फार अप्रूप.

कोल्हापूरचा हा मुलगा २००८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याआधीचं भारताचं जलतरणातलं पदक १९८६ चं, खजान सिंग यांचं. म्हणजे मध्ये चोवीस वर्षं कोरडी! आणि गंमत बघा, ज्या शर्यतीत त्याला पदक मिळालं ती तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. ती येणार २०२८ मध्ये, लॉस एंजेलिसला.

पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला, राज्य सरकारने तहसीलदारपद दिलं. आपण टाळ्या वाजवल्या. पोरगं ‘सेटल’ झालं ना! पण तहसीलदाराचा दिवस कसा असतो? दाखले, सुनावण्या, पंचनामे, निवडणुकीची कामं. आणि पोहणाऱ्याचा? पहाटे पाण्यात, संध्याकाळी पुन्हा पाण्यात. हे दोन दिवस एका माणसाच्या चोवीस तासांत कसे बसवायचे? २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत वीरधवल नव्हता. २०१८ मध्ये जकार्तात तो परत आला आणि ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये चौथा आला. कांस्यपदक हुकलं एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने!

नोकरी नसती तर पदक मिळालंच असतं, असा दावा मी करत नाही. नोकरीला नावंही ठेवत नाही. तलावातून बाहेर आल्यावर घर चालवावं लागतंच. माझं म्हणणं एवढंच, की बक्षीस म्हणून दिलेली खुर्ची खेळाडूला पाण्यापासून तोडणारी नसावी. पद द्या, पगार द्या, पण तो पोहतोय तोवर पोहणं हीच त्याची ड्युटी माना. टेबल कुठे पळून जात नाही, वय मात्र जातं. २०२३ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकून वीरधवल निवृत्त झाला, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

हे सगळं सरकारला सांगून आपण मोकळे होऊ नये. आपल्याच वर्गात पहाटे पोहून ओल्या केसांनी पहिल्या लेक्चरला येणारी, मागच्या बाकावर पेंगणारी एखादी मुलगी असते. तिला आपण काय देतो? हजेरीचा धाक, आणि ‘खेळात करिअर नसतं गं’ हा सल्ला. स्पर्धा आणि परीक्षा एकाच दिवशी आली, तर तिने निवडायचं काय?

बटरफ्लायचा एक नियम आहे : वळताना आणि शर्यत संपवताना दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी टेकले पाहिजेत, नाहीतर पोहणारा बाद. तिचा एक हात आपण कागदपत्रांत अडकवून ठेवतो आणि वर पदकाची वाट बघतो. निदान तिच्या नोट्स तरी आपण लिहून ठेवू या.