पातळी घसरली, पण घसरवली कोणी?

इंग्रजी वृत्तपत्रांच्या राजकीय पानांवर ‘कोर्सन’ हे क्रियापद आता वारंवार भेटते. भरड होणे, राठ होणे हा त्याचा मूळ अर्थ. ज्या ‘कोर्स’ या विशेषणापासून ते बनले, ते प्रारंभी साध्या, जाड्याभरड्या कापडासाठी योजले जाई. असभ्य, ग्राम्य हा अर्थ त्याला नंतर चिकटला. उन्हातान्हात राबणाऱ्याची त्वचा ‘कोर्सन’ होते, तसेच दीर्घकाळ तापवलेल्या धातूतील कणही. कण भरड झाले की धातूचे बळ सामान्यतः घटते, हे धातुशास्त्राचे निरीक्षण राजकीय भाष्यकारांच्या नजरेतून बहुधा निसटले असावे.

हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘अमुक नेत्याने सार्वजनिक चर्चा कोर्सन केली’ असे म्हणता येते. तसेच ‘चर्चा कोर्सन झाली’ असेही. दुसऱ्या वाक्यात कर्ता उरत नाही. राजकारण्यांना ही सोय मानवते, यात नवल नाही.

ब्रिटनमध्ये ब्रेक्झिटच्या सार्वमताला आठवडा उरला असताना, १६ जून २०१६ रोजी, खासदार जो कॉक्स यांची हत्या झाली. २५ सप्टेंबर २०१९ रोजी मजूर पक्षाच्या पॉला शेरिफ यांनी कॉक्स यांचे स्मरण देऊन ‘शरणागती’सारखे शब्द टाळण्याचे आवाहन तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना केले. खासदारांना येणाऱ्या धमक्यांत हेच शब्द असतात, असे त्यांचे म्हणणे होते. जॉन्सन यांनी ते थोतांड ठरवले. येथे कर्ताही स्पष्ट होता आणि शब्दही.

मराठीचा रिवाज याहून वेगळा नाही. ‘राजकारणाची पातळी घसरली’ हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत छापले जाते. ती जणू निसरड्या वाटेवर आपोआप घसरते! ‘घसरवली’ हे रूप भाषेत आहे. बातमीत ते क्वचितच येते.

२१ सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत चांद्रयान-३ च्या यशावर चर्चा सुरू असताना भाजपचे रमेश बिधुरी यांनी बसपचे तत्कालीन खासदार दानिश अली यांना धर्मवाचक शिवीगाळ केली. ते शब्द कामकाजातून वगळण्यात आले, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी सभागृहातच खेद व्यक्त केला. स्वतः बिधुरी यांनी खेद व्यक्त केला तो डिसेंबरमध्ये, विशेषाधिकार समितीपुढे. तोवर ध्वनिचित्रफीत देशभर पोहोचली होती.