सुईला चुंबकत्व देतं कोण?

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. डब्यातले शंभर लाडू शंभर जणांना वाटले की डबा रिकामा होतो. मग एका चुंबकाने शंभर सुयांना चुंबक बनवलं, तर त्याचं चुंबकत्वही वाटून वाटून संपेल का?

उत्तराची घाई नको. आधी करून पाहू या.

एक पट्टीचुंबक घ्या. तो किती टाचण्या उचलतो ते मोजून ठेवा. आता आईला विचारून शिवणाची एक सुई आणा. चुंबकाचं एकच टोक सुईच्या नेढ्यापासून अणीपर्यंत घासत न्या. अणीशी पोचलात की चुंबक उचला, हवेतूनच मागे आणा आणि पुन्हा नेढ्यापासून सुरुवात करा. पुढे-मागे घासायचं नाही हं! असं तीस-चाळीस वेळा करा. मग सुई टाचण्यांजवळ न्या. पाहिलंत? सुईही चुंबक झाली!

आता मूळ चुंबकाने पुन्हा टाचण्या उचला. पूर्वीइतक्याच उचलल्या ना? म्हणजे त्याने आपल्यातलं काहीच दिलं नाही. मग सुईत चुंबकत्व आलं कुठून?

गंमत अशी, की ते सुईतच होतं! लोखंडाचा प्रत्येक अणू हा एक इवलासा चुंबक असतो. असे अब्जावधी शेजारी अणू एकाच दिशेला तोंड करून गट बनवतात. या गटाला म्हणतात ‘डोमेन’. पण एका गटाचं तोंड इकडे, तर दुसऱ्याचं तिकडे. त्यामुळे सगळ्यांचा जोर एकमेकांत जिरतो आणि सुई बाहेरून साधीच राहते. तांब्या-पितळेत असे गट बनतच नाहीत. म्हणून पितळेची पट्टी कितीही घासा, ती चुंबक होणार नाही.

तुम्ही चुंबक फिरवता तेव्हा काय होतं? ज्या गटांचं तोंड योग्य दिशेला असतं, त्यांच्या सीमेवरचे शेजारी अणू वळून त्यांना सामील होतात. ते गट वाढत जातात, बाकीचे आक्रसतात. चुंबकाने फक्त दिशा दाखवली. मेहनत मात्र तुमच्या हाताची!

तुम्ही म्हणाल, “हे गट पाहिले कुणी?” प्रश्न अगदी योग्य आहे. 1907 साली फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर वाइस यांनी हे गट असावेत असा तर्क मांडला. पुढे 1919 मध्ये जर्मनीच्या हाइनरिख बार्कहाउझन यांना चक्क त्यांचा आवाज ऐकू आला! त्यांनी लोखंडाभोवती तारेचं वेटोळं गुंडाळलं, ते आवाज वाढवणाऱ्या यंत्राला जोडलं आणि लोखंडाजवळ चुंबक नेला. लगेच खरखर सुरू झाली. गटांच्या सीमा सलग सरकत नाहीत. त्या अडखळतात आणि मग टुणकन उडी मारतात. प्रत्येक उडीबरोबर तारेत विजेचा बारीकसा ठोका उमटतो. ती खरखर याच ठोक्यांची होती.

हे अडखळणं फार उपयोगाचं बरं का! सुईच्या पोलादात कार्बन मिसळलेला असतो. त्यामुळे सीमांच्या वाटेत अडथळे फार. एकदा पुढे गेलेल्या सीमा सहजासहजी मागे फिरत नाहीत, म्हणून सुई चुंबक होऊन राहते. मऊ लोखंडाच्या खिळ्यात अडथळे कमी. चुंबकाला चिकटलेला असताना खिळा टाचण्या उचलतो, पण चुंबक काढला की बहुतेक टाचण्या खाली पडतात.

आणि ही शिस्त मोडायची असेल तर? सुई वारंवार आपटा, तिचा जोर कमी होतो. किंवा खूप तापवा. 770 अंश सेल्सिअसच्या वर लोखंडातल्या अणूंची इतकी धांदल उडते, की गटच टिकत नाहीत. थंड झाल्यावर गट पुन्हा बनतात, पण पूर्वीसारखेच इकडेतिकडे तोंड केलेले. (तापवण्याचा प्रयोग मोठ्यांनीच करायचा, सुई सांडशीत धरून!)

जाता जाता एक गृहपाठ. चुंबक झालेली सुई कापडात गुंडाळून बाबांकडून पकडीने मधोमध तोडून घ्या. एका तुकड्यात नुसता उत्तर ध्रुव आणि दुसऱ्यात नुसता दक्षिण ध्रुव उरेल का? आधी त्या गटांना आठवा, उत्तर वहीत लिहा आणि मगच सुई तोडा!