कमरेवरचा वळ

पाथर्डी-शेवगावच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, तेव्हा बायकांची साडी कमरेला करकचून आवळलेली असते. दिवसभर वाकून तोडायचं, मोळी डोक्यावर घ्यायची. नेसू सुटून कसं चालेल? त्या आवळण्याखाली अनेकींच्या कमरेला काळा वळ पडतो, घामाने खाजतो, सोलतो. त्याला आजार कुणी म्हणत नाही.

बहुतेकींचं तेवढ्यावरच निभावतं. पण वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत मांडली. एकीची परकराच्या नाडीखालची जखम १८ महिने भरली नव्हती. दुसरी ४० वर्षं परकराविना घट्ट लुगडं नेसत आलेली. दोघींना त्वचेचा कर्करोग निघाला. दुसरीचा तर जांघेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत पोचला होता.

कातडीला इजा झाली की पेशी कॉक्स-२ नावाचं विकर बनवतात. त्यातून प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, सूज येते, डागडुजी सुरू होते. जखम भरली की विकर ओसरतं. रोज घासणाऱ्या जागी मात्र ते ओसरतच नाही. पेशींना वाढत राहण्याचा हुकूम मिळत राहतो, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, मरायला हव्या त्या बिघडलेल्या पेशी जगतात. उन्हातले अतिनील किरणही हेच विकर चेतवतात.

मग विकर दाबणारी गोळीच का देऊ नये? अमेरिकेत २४० जणांवर सेलेकॉक्सिबचा प्रयोग झाला. २०१० मध्ये निष्कर्ष आले: गोळी घेणाऱ्यांत मेलानोमा सोडून इतर त्वचाकर्करोग कमी आढळले. पण याच जातीचं रोफेकॉक्सिब हृदयाला धोका म्हणून २००४ मध्ये बाजारातून काढावं लागलं होतं. धडधाकट बाईला वर्षानुवर्षं असली गोळी देणं मला मान्य नाही. इथे चेतवणारी गोष्ट नाडी आहे, आणि ती सैल करता येते. रुंद पट्टी लावावी, गाठीची जागा बदलत राहावी.

याच जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जखमेचा तुकडा तपासायला मुंबई गाठावी लागत नाही. टोळ्या निघण्याआधी आशाताईंनी प्रत्येकीला कमरेचं विचारावं. महिनाभर मलम लावूनही जखम भरली नसेल, तर तिला थेट या महाविद्यालयांत पाठवावं. परक्या पुरुषासमोर कंबर उघडी करायला बायका तयार होत नाहीत, म्हणून तपासायला बाईच हवी.