खोडदच्या तबकड्या आणि आमची रेल्वे

आमच्या देऊळगाव राजाला रेल्वे नाही. जालना–खामगाव मार्गाची मागणी आजोबांच्या तोंडून ऐकली, वडिलांच्या तोंडून ऐकली, आता आम्ही ती निबंधात लिहितो. त्यामुळे पुणे–नाशिक रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा मार्ग एका दुर्बिणीपायी बदलायचे २०२५ साली ठरले, तेव्हा आमच्या वर्गात बहुतेकांनी कपाळावर हात मारला. ‘आकाशातल्या वायूसाठी माणसांची गाडी अडवली!’ असे म्हणणाऱ्यांत मीही होते. नंतर ग्रंथालयात बसून थोडे वाचले आणि मत बदलले. कलाशाखेच्या मुलीने ते मांडू नये, असे थोडेच आहे?

खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. तबकड्याही कशा, तर दोरांवर ताणलेल्या तारांच्या जाळीच्या. आपल्याकडे बाज विणतात त्याची आठवण व्हावी! त्या आकाश पाहत नाहीत, ऐकतात. फोटोत सर्पिल दीर्घिकेचे तेज जिथे संपते, तिथे ती दीर्घिका संपत नाही. पलीकडे हायड्रोजन वायूचा मोठा पसारा असतो आणि तो २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. लहर किती जोरकस, यावरून वायू किती ते कळते. तिची लांबी किती सरकली, यावरून त्याचा वेग. त्याहूनही बाहेरच्या प्रभामंडलातला वायू फार विरळ. तिथे मागच्या एखाद्या क्वेसारचा प्रकाश वाटेत किती अडला, हे मोजतात. कंदील किती मंद दिसतो, यावरून मधला धूर ओळखावा, तसे.

हा खटाटोप कशासाठी? २०२० साली पुणे व बंगळूरच्या संशोधकांनी ७,६५३ दूरच्या दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र केले. त्या दीर्घिका ज्या झपाट्याने तारे घडवीत होत्या, त्या हिशेबाने जवळचा वायू एक-दोन अब्ज वर्षांतच संपायचा, असे दिसले. म्हणजे बाहेरून आवक हवी. ती आटली की तारे घडणेही मंदावणार. विहिरीचे पाणी पाहून रब्बीची पेरणी ठरवणाऱ्या आमच्या मंडळींना हा हिशेब वेगळा समजवायला नको.

हे संकेत इतके दुबळे, की विजेच्या तारेवरची ठिणगीसुद्धा त्यांना बुडवते. आणि रेल्वे म्हटली की ठिणग्या आल्याच. रूळ वळवता येतात. पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या तबकड्या उचलून नेता येत नाहीत. तेव्हा गाडीने वळसा घ्यावा, हेच मला योग्य वाटते.

पण नारायणगावचा टोमॅटोवाला शेतकरी रागावला तर त्याला अडाणी म्हणू नये. विज्ञान साऱ्या जगाचे आणि गाडी मात्र त्याची एकट्याची गेली. राष्ट्रीय विज्ञान दिनी खोडदला प्रदर्शन भरते, शाळांची मुले जातात, हे चांगलेच आहे. तेच सारे ग्रामसभेत, मराठीत, मोठ्यांनाही सांगायला हवे. आणि गाडीच्या बदल्यात त्या भागाला काय मिळणार, तेही त्याच बैठकीत.

त्यांना निदान कारण तरी सांगता येते. आमच्या जालना–खामगावच्या वाटेत तर एकही दुर्बीण नाही!